तिसऱ्या दिवसाचं पुरळ

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की देवळ्याच्या आसपासच्या वस्त्यांत दिवसा घरी कोण असतं? म्हाताऱ्या, बारकी पोरं आणि बाळंतिणी. बाकी सगळे शेतात. मागच्या काढणीच्या दिवसांत अशाच एका दुपारी आम्हाला निरोप आला, की बाळाच्या अंगावर काहीतरी निघालंय, लवकर या.

आम्ही गेलो. पत्र्याचं घर, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि दार-खिडकी बंद. बाजेखाली शेगडी पेटलेली, वर ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी चाललेली. बाजेवर वीस वर्षांची बाळंतीण डोळे पुसत बसलेली. बाळ तीन दिवसांचं. आदल्या संध्याकाळीच दवाखान्यातून घरी आणलेलं. टोपडं, झबलं, त्यावर दुपटं, त्यावर आणखी एक दुपटं. उघडून पाहिलं तर छातीवर, पोटावर, मांड्यांवर लालसर डाग, आणि त्यातल्या काहींच्या मधोमध राजगिऱ्याच्या दाण्याएवढी पिवळट पुळी. आजी कपाळाला हात लावून म्हणाली, "हाई काय निंघनं वं माय पोरना आंगवर!"

मग कारणं सांगायला लागली. सुनेनं आठव्या महिन्यात वांगं खाल्लं. बघायला आलेल्या एका पाहुणीची पाळी चालू होती, तिची सावली पडली. आईच्या अंगातली घाण बाळाच्या अंगातून बाहेर पडतेय. शेजारणीनं सांगितलं होतं की देवी निघाल्यात. म्हणून सकाळपासून सुनेला नुसता भात आणि तूप दिलं होतं, आणि दूध "बाधतंय" म्हणून बाळाला दोन वेळा साखरपाणी पाजलं होतं. कोनाड्यात दिव्याशेजारी सुईला टोचलेला बिब्बा तयार होता. आम्ही तासाभरानं पोचलो असतो तर त्या पोटावर बिब्ब्याचे चटके बसले असते.

आम्ही दार उघडलं, शेगडी बाहेर ठेवली, एक दुपटं काढलं आणि आईला सांगितलं, बाळाला छातीशी घे. बाळ लगेच लुचायला लागलं, चांगलं घटाघटा. आमचा अर्धा निदान तिथंच झाला.

हे जे पुरळ आहे, त्याला वैद्यकाच्या पुस्तकात 'एरिथेमा टॉक्सिकम' म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होतं, आणि नावाचा अर्थही तसाच आहे, विषारी लाली. व्हिएन्नाच्या कार्ल लायनर या बालरोगतज्ज्ञानं १९१२ साली हे नाव वापरात आणलं. विष काही कुणाला सापडलं नाही, नाव मात्र राहिलं. आपण त्याला नवजात पुरळ म्हणू. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी साधारण निम्म्यांना हे होतं. बहुतेक वेळा जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं, कधी पहिल्याच दिवशी, कधी आठवड्यानं. तोंडावर, छातीवर, पाठीवर, हाता-पायांवर कुठंही येतं. सकाळी पोटावर दिसलेले डाग दुपारी गेलेले असतात आणि पाठीवर नवे आलेले असतात. असं जागा बदलत बदलत पाच-सात दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप जातं. वण राहत नाही. बाळाला खाजत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही.

तळहात आणि तळपायावर मात्र हे सहसा उठत नाही, आणि त्यामागं कारण आहे. पोटात असताना बाळाची कातडी पाण्याच्या पिशवीत असते. बाहेर आल्याबरोबर आईच्या अंगावरचे, हवेतले, कपड्यांवरचे साधे जंतू तिच्यावर वस्तीला येतात. आपल्या सगळ्यांच्याच अंगावर ते असतात, त्यांच्याशिवाय कातडी निरोगी राहतही नाही. हे जंतू केसांच्या मुळाशी शिरतात, आणि बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोण आलं ते बघायला तिथं धावतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा पुरळाचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांना हेच दिसलं, आणि आज तरी हेच कारण सगळ्यात पटणारं आहे. तळहाता-तळपायाला केस नाहीत, म्हणून तिथं पुरळ नाही. पुळीत जे पिवळट दिसतं ते बहुतेक या पेशीच असतात, जंतूंचा पू नव्हे.

आता दिवसांचा हिशोब बघा. साधं बाळंतपण झालं की सरकारी दवाखान्यात आईला निदान ४८ तास ठेवतात. म्हणजे दवाखान्यात असेपर्यंत बाळाची कातडी स्वच्छ, आणि घरी आणल्या-आणल्या पुरळ. मग घरात चोर शोधायला सुरुवात होते. कोण आलं होतं, कोणी उचललं, कोणाची नजर, कोणाचा विटाळ. दोन दिवसांनी पाचवी येते आणि पुरळाचा संबंध सटवीशीही जोडला जातो. (आपल्या घरांत पाचवी पुजत नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. पाटा-वरवंटा कोपऱ्यात हळूच मांडलेला आम्ही पुष्कळ घरांत पाहिलाय, बाबासाहेबांच्या फोटोखालीच.) पुरळ घरी येण्याच्या सुमारास उठतं ते त्याची वेळच ती आहे म्हणून. बाळ दवाखान्यातच राहिलं असतं तर तिथं उठलं असतं.

आईच्या अंगातली घाण बाहेर पडते, ही समजूत एकट्या देवळ्याची नाही. दुसऱ्या देशांतल्या जुन्या वैद्यांनीही असंच लिहून ठेवलं होतं, की आईचं अशुद्ध रक्त बाळाच्या कातडीतून निघतं. म्हणजे बाईच्या रक्ताला घाण समजण्यात जग एक होतं. पण आपल्याला यात जरा जास्त लागायला हवं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी प्यायलं, तेव्हा तळं बाटलं म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. माणसाच्या हाताला विटाळ मानणाऱ्यांशी आपल्या आज्या-आजोबांनी झगडा केला, आणि आपल्याच घरात तीन दिवसांच्या बाळंतिणीचं दूध बाटलंय म्हणून बाळाला साखरपाणी पाजायचं? पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळं दूध, चीक, हा बाळाला रोगांपासून वाचवणारा पहिला डोस आहे. पुरळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. वांग्याचा नाही, मेथीचा नाही, अंड्याचा नाही, डाळीचा नाही. आईला जेवू घाला.

हा विटाळ कधी कधी दवाखान्याच्या बाजूनंही येतो. आम्ही परिचारिकेचं शिक्षण घेत होतो तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात एका बाळाला असंच पुरळ उठलं होतं. वरिष्ठ ताईंनी आधी आईला विचारलं, "कुठल्या वस्तीतली?" उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "मग होणारच. अंग स्वच्छ ठेवत नाहीत." ती आई तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. आम्हीही गप्प राहिलो, शिकाऊ होतो. पुढं पुस्तकात वाचलं, की हे पुरळ अस्वच्छतेनं होत नाही. बंगल्यातल्या बाळालाही होतं आणि पालातल्या बाळालाही. उलट दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत ते कमी दिसतं, आणि पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळांत जास्त. म्हणजे त्या आईनं पोटातलं बाळ नीट वाढवलं होतं, आणि बोलणी ती खात होती. आजही एखाद्या परिचारिकेनं, डॉक्टरनं असं काही म्हटलं तर ऐकून घेऊ नका. बाळाला काय झालंय ते विचारा, वस्तीचं नाव विचारायचं कारण विचारा.

पुस्तकांची आणखी एक अडचण आहे. त्यांतले फोटो बहुतेक गोऱ्या बाळांचे. त्यांच्या अंगावर लाल डाग ठळक उठून दिसतो. आपली बाळं सावळी, काळी असतात. त्यांच्या कातडीवर लाली दबते, कधी डाग जांभळट दिसतो, कधी आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा गडद, कधी नुसती पुळीच दिसते. म्हणून बाळाला दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नको. हात धुऊन बोटाची पाठ हळूच फिरवा, उंचवटा लागतो. डागावर बोट दाबून सोडा. नवजात पुरळाची लाली दाबल्यावर क्षणभर फिकी होते. दाबूनही फिकी न होणारे जांभळे-काळपट ठिपके उठले तर ते कातडीखाली रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं, तिथं वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना.

सावळ्या बाळांत एक दुसरा प्रकार जास्त दिसतो. जन्मतःच हनुवटीखाली, मानेवर, पाठीवर नाजूक पुळ्या असतात, त्या पुसताना फुटतात, कडेला पापुद्रा राहतो आणि तिथं काळा तीळ असल्यासारखा डाग पडतो. यालाही काही करावं लागत नाही. डाग काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पुसट होत जातात. नाकावर रव्यासारखे पांढरे कण दिसतात तेही आपोआप जातात, नखानं काढू नका. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दोन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाला मानेच्या वळ्यांत, कपाळावर, पाठीवर ज्या बारीक पुळ्या येतात, त्या घामोळ्या. त्यांचं औषध म्हणजे दुपटं काढणं आणि दार उघडणं.

तर मग या पुरळाला करायचं काय? काहीच नाही. हेच सांगणं आम्हाला सगळ्यात अवघड जातं. घरात पाच जणी असतात, प्रत्येकीच्या हाताला काहीतरी करायचं असतं, आणि आम्ही म्हणतो की काही करू नका. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, अंगाला लावायची. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असतं. पुरळ तसंही चार दिवसांत जाणारच असतं, ते गेलं की श्रेय ट्यूबला मिळतं, मग तीच ट्यूब पुढच्या बाळाला, शेजारच्या बाळाला, नॅपीच्या जागी, तोंडाला. बाळाची कातडी पातळ असते, औषध तिच्यातून सहज रक्तात उतरतं. ती ट्यूब डॉक्टरांनी बाळाला तपासून लिहून दिल्याशिवाय घरात आणू नका. बोरिक पावडर तर बाळाच्या अंगाला लावूच नका, ती पोटात किंवा कातडीतून गेली की विषबाधा होते. टाल्कम पावडर श्वासातून छातीत जाते. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायची गरज नाही. बेसन, दूध, हळद लावून पिठाच्या गोळ्यानं अंग चोळणं हे तर निरोगी कातडीलाही सोसत नाही, पुळ्या फुटतात आणि तिथून खरे जंतू आत शिरतात.

बिब्ब्याबद्दल स्पष्टच सांगतो. बिब्ब्याचं तेल म्हणजे कातडी जाळणारा पदार्थ. मोठ्या माणसाच्या पायाला लागलं तरी फोड येतो. तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर त्याचा ठिपका म्हणजे भाजल्याची जखम. आणि बिब्बा घातल्यावर पुरळ जातं हे खरंच आहे, कारण न घालताही जातं.

अंग कोमट पाण्यानं, मऊ कापडानं पुसा, नाळ पडेपर्यंत तेवढं पुरे. जुन्या सुती लुगड्याचं दुपटं नव्या चमकदार झबल्यापेक्षा चांगलं, फक्त साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्यातून काढलेलं आणि उन्हात वाळवलेलं हवं. नवं झबलं धुऊनच घाला. खोबरेल तेल हलक्या हातानं लावायला हरकत नाही, पुरळ असेपर्यंत चोळून मालिश नको. बाळ उचलण्याआधी हात धुवा, पाहुण्यांनाही सांगा. शेगडी आणि धुरी बंद खोलीत नको. कोळशाच्या धुरानं बाळंतीण आणि बाळ दोघांचा जीव गुदमरतो, कातडीचं तर राहूच द्या.

पण "काही नसतं" हे शब्दही धोक्याचे आहेत, आणि याचा धडा आम्हाला आमच्याच चुकीनं मिळाला. दोन-तीन वर्षांपूर्वी एका बाईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, नऊ दिवसांचं बाळ, मानेवर पुळ्या. आम्ही बैठकीत होतो. फोटो मोठा करून बघितला आणि लिहिलं, नवजात पुरळ आहे, घाबरू नका, जाईल. बाळाला झालंय किती दिवस, दूध ओढतं का, यातलं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आशाताई ठरलेल्या दिवसाच्या आधीच त्या घरी गेली, तिचं नशीब म्हणा की बाळाचं. तिनं झबलं काढून बगला आणि जांघा उघडून पाहिल्या. मोजल्या तर चौदा पुळ्या, पूनं भरलेल्या, काही फुटून पिवळी खपली धरलेली. बाळ सकाळपासून दोनदाच प्यायलं होतं आणि उठवलं तरी मरगळलेलं. तिनं तिथूनच गाडी बोलावली. बाळ आठ दिवस दवाखान्यात राहिलं, सुया घेतल्या, बरं झालं. त्या दिवसापासून आम्ही फोटोवरून निदान करत नाही. कोणी केलं तर मानू नका, अगदी आमच्यासारख्या ओळखीच्या बाईनं केलं तरी.

आशाताईनं मोजल्या कशाला? कारण तिच्या प्रशिक्षणात तो आकडा आहे. पूनं भरलेल्या पुळ्या दहा किंवा त्याहून जास्त, किंवा एकच पण मोठा फोड, म्हणजे बाळाच्या अंगात गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो, तातडीनं दवाखान्यात न्यायचं. दहापेक्षा कमी असल्या तरी आरोग्य केंद्रात दाखवायचंच, कारण दोन महिन्यांच्या आतलं बाळ तासाभरातही बिघडतं. नवजात पुरळाची पुळी लाल डागाच्या मधोमध असते, जागा बदलत राहते आणि तिच्यावर खपली धरत नाही. जंतूंची पुळी वळ्यांत, बगलेत, जांघेत, बेंबीजवळ जास्त असते, तिथंच राहते, वाढते, फुटते. पाण्यानं भरलेल्या फोडांचा झुबका, किंवा तळहाता-तळपायावर फोड, हेही दाखवायलाच हवेत.

आणि कातडीपेक्षा बाळाकडे बघा. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं, बाळ मलूल पडलं, अंग तापलं (काखेत थर्मामीटर ९९.५ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर) किंवा पोटसुद्धा गार लागलं, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजली आणि श्वास ६० किंवा जास्त भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीभोवतीची कातडी लाल झाली किंवा तिथून पू येतो, तळहात-तळपाय पिवळे झाले, झटका आला. यातलं एक जरी असलं तरी पुरळ कुठलं आहे याची चर्चा नंतर. वाटेत बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा आणि पीत असेल तर पाजत राहा.

गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात आजारी बाळाला सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे. आधी जन्मापासून महिनाभर होतं, मग वर्षाच्या बाळापर्यंत वाढवलं. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. देवळ्यातून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं तरी गाडीचे पैसे द्यायचे नसतात.

आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. काढणीच्या दिवसांत दाराला कडी बघून तिला परत जावं लागतं, म्हणून त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि कुणीतरी घरी थांबा. आली की बाळ गुंडाळलेलं दाखवू नका. पूर्ण उघडून दाखवा.

देवी निघाल्यात असं जे शेजारणीनं सांगितलं होतं, त्याचं एका वाक्यात उत्तर आहे. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ साली गेला आणि १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, आता कुणाच्याही बाळाला देवी निघत नाहीत. गोवर अजून आहे, त्याची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास असते, ती चुकवू नका.

त्या पत्र्याच्या घरी आम्ही आठव्या दिवशी पुन्हा गेलो. बाळाच्या अंगावर काही नव्हतं, गुडघ्यामागं एक डाग तेवढा पुसट होत होता. बाळंतीण भाकरी आणि मेथीची भाजी खात होती. दार उघडं होतं. कोनाड्यातला बिब्बा गेला होता, पण शेगडी कोपऱ्यात दिसली. आम्ही तिच्याकडे बघतोय हे आजीच्या लक्षात आलं. "बाळासाठी नाही लावत," ती म्हणाली, "रात्री ओट्यावर लावते. माझे गुडघे दुखतात."